लेझरने मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, आता घरी काय?

सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी घरी. इतक्या लवकर सुटी मिळाली की घरच्यांना वाटतं, विशेष काही झालंच नाही. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात, आणि पेशंटही लाजेपोटी डॉक्टरांना काही विचारत नाही. पुढच्या दिवसांतला बराचसा त्रास टाळता येण्यासारखा असतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

‘लेझर म्हणजे जखमच नाही’

बाहेरून मोठी जखम दिसत नाही, एवढंच खरं. डॉक्टर गुदद्वाराजवळ बारीक छेद घेऊन लेझरचा तंतू कोंबात घालतात. त्याच्या उष्णतेने आतल्या रक्तवाहिन्या बंद होतात आणि कोंब पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू आकसतो. म्हणजे आत भाजल्याची जखम असतेच. सुरुवातीला सूज येते, ठणका लागतो, कपड्याला चिकट पाणी किंवा रक्ताचा डाग लागतो. सुजेमुळे काहींना कोंब आधीपेक्षा मोठा झाल्यासारखा वाटतो आणि ते घाबरतात. १९३७ साली मिलिगन आणि मॉर्गन यांनी मांडलेल्या, कोंब कापून काढण्याच्या पद्धतीपेक्षा लेझरमध्ये दुखणं सहसा कमी असतं. अजिबात नसतं, असं मात्र नाही.

‘दोन-तीन दिवस जेवूच नका, म्हणजे संडासला जावं लागणार नाही’

सगळ्यात जास्त नुकसान हा सल्ला करतो. पहिल्या शौचाची भीती खरी असते, तिला हसू नये. पण उपाशी राहिल्याने पोट रिकामं होत नाही. मळ मोठ्या आतड्यात जितका वेळ पडून राहतो, तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो खड्यासारखा घट्ट होतो. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता आणखी वाढते. मग कुंथावं लागतं, जखमेवर ताण येतो, रक्त येतं आणि पेशंट पुन्हा जेवण सोडतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून जेवायचं. मऊ वरणभात, मुगाची खिचडी, दुधी, पडवळ, पालेभाजी, पपई, ताक. भाकरी-पोळी बंद करायचं कारण नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो, तो हळूहळू वाढवायचा. डॉक्टरांनी इसबगोल दिलं असेल तर ते भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. ते पाणी धरून फुगतं. पाणी कमी पडलं तर उलट मळ अडतो. दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी पोटात जावं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं. लॅक्टुलोजसारखं औषध दिलं असेल, तर एकदा पोट साफ झालं म्हणून ते मनाने बंद करू नका.

कळ आली की दाबून धरू नका. कमोड असेल तर पायाखाली बुटकं स्टूल घ्या. गुडघे वर आले की जोर कमी लागतो. मोबाइल बाहेर ठेवा. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, पुन्हा कळ आल्यावर जा.

तिखटाबद्दल थोडक्यात: तिखटाने मूळव्याध होते याला आधार नाही, पण ताज्या जखमेला आग होते. काही दिवस भाजी सौम्य ठेवा.

‘शेकाचं पाणी जितकं कडक, तितका गुण जास्त’

हे चूक आहे. टबातलं पाणी कोमटच हवं. त्यात कोपर बुडवून पाहा. कोपराला सुखद वाटलं तरच बसा. दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, त्यातलं एकदा शौचानंतर. याने आवळून धरलेला स्नायू सैल पडतो आणि ठणका कमी होतो. तुरटी, डेटॉल किंवा मूठभर मीठ टाकायची गरज नाही. पोटॅशियम परमँगनेटचे खडे अंदाजाने टाकले तर कातडी भाजू शकते. नंतर मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका.

‘पडून राहा’ किंवा ‘उद्यापासून कामाला लागा’

दोन्ही टोकं नकोत. त्याच दिवसापासून घरात चालावं. भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, जिम आणि खड्ड्यांतून दुचाकी मात्र साधारण दोन आठवडे टाळावी. टेबलावरचं काम बहुतेकांना त्याआधी जमतं.

‘रक्त दिसलं, म्हणजे ऑपरेशन फसलं’

शौचाच्या वेळी थोडं रक्त पहिले काही दिवस येतं. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास आतली खपली सुटताना पुन्हा येऊ शकतं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी सुरू करायच्या किंवा थांबवायच्या, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

‘लेझर केलं, आता आयुष्यभर काळजी नाही’

मूळव्याध पुन्हा होऊ शकते, आणि कुंथायची सवय राहिली तर लवकर होते. शिवाय शौचातून येणारं प्रत्येक रक्त मूळव्याधीचंच असतं असं नाही. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा.

रक्ताच्या गाठी पडल्या, पॅड भिजू लागलं, चक्कर आली, थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा दुखणं रोज कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तर मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. जागा अवघड आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.