वीज वाहणारे सिरॅमिक, कोल्हापुरी फवाऱ्यातले

विजेच्या खांबावरचे चिनी मातीचे पांढरे इन्सुलेटर पाहून सिरॅमिक म्हणजे वीज अडवणारी वस्तू, असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. डास पळवणाऱ्या लिक्विडच्या मशीनमध्ये जी चकती वीज वाहून तापते, ती बहुधा बेरियम टायटनेट या सिरॅमिकचीच असते. ठरावीक तापमानाला तिचा रोध एकदम वाढतो, म्हणून मशीन रात्रभर चालू राहिले तरी भडकत नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशाच वीज वाहणाऱ्या ऑक्साइड सिरॅमिकच्या पातळ थरांवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. तिथली एक आवडती पद्धत म्हणजे ‘स्प्रे पायरोलिसिस’. टिन क्लोराइडच्या द्रावणात थोडे अमोनियम फ्लोराइड मिसळायचे आणि सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअस तापलेल्या काचेवर, पिकावर औषध मारावे तसे, ते फवारायचे. पाणी उडून जाते आणि काचेवर टिन ऑक्साइडचा मायक्रोमीटरहूनही पातळ थर उरतो. त्यात काही ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन बसतो. प्रत्येक बदलीमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो, आणि तोच वीज वाहतो. गंमत म्हणजे काच पारदर्शकच राहते!

सौरघटाला नेमके हेच हवे असते: प्रकाश आत येऊ द्यायचा आणि वीज बाहेर काढायची. मोबाइलच्या टचस्क्रीनवर याच जातीचा, पण महागड्या इंडियमच्या ऑक्साइडचा थर असतो.

या फवारा-पद्धतीचा सविस्तर आढावा विद्यापीठातील प्रा. प्रमोद पाटील यांनी १९९९मध्ये ‘मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात घेतला आहे.