प्रवाळांची लावण

जिवंत प्रवाळ पाहायला कोल्हापूरकराला अंदमान गाठावे लागत नाही. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरा, नाहीतर राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरा; चार-पाच तासांत मालवणचा धक्का येतो. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचे काम सुरू केले. तटबंदी ज्या खडकांवर उभी आहे, त्याच खडकांच्या पाण्याखालच्या अंगावर प्रवाळांच्या वसाहती आहेत. ओहोटीला काही ठिकाणी त्या हातभर पाण्यात दिसतात.

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या गाड्या याच वाटेने उतरतात. पावसाळ्यात बंद असलेले जलपर्यटन तोवर सुरू झालेले असते, पाणी निवळत आलेले असते. म्हणून या अंकाच्या वाचकाला ही गोष्ट नेमक्या वेळी सांगता येते. मालवणच्या प्रवाळांचे पुढे काय होणार, हे ठरवणाऱ्यांत आता मच्छीमार, होडीवाले आणि वनखाते यांच्याबरोबर आपणही आहोत.

दगड नव्हे, वस्ती

आपल्याकडे प्रवाळ म्हटले की गुजरीतल्या सराफाकडचे लाल पोवळे डोळ्यांसमोर येते. अंगठीतले ते पोवळे खोल पाण्यातल्या वेगळ्या जातींच्या प्रवाळाचे असते. मालवणचे प्रवाळ उथळ पाण्यातले आणि टणक सांगाडा घडवणारे. पोराइट्स, फेव्हाइट्स, टर्बिनेरिया या त्यांतल्या काही प्रजाती.

प्रवाळ हा प्राणी आहे. काही मिलिमीटरांचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती सांगाडा घडवतो. असे हजारो जीव शेजारी शेजारी राहतात आणि पिढ्यान् पिढ्या त्याच सांगाड्यावर नवा थर चढवतात. त्यांच्या पेशींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. म्हणूनच प्रवाळाला स्वच्छ आणि उजेड पोहोचेल असे पाणी लागते. वाढ मात्र फार सावकाश. पोराइट्ससारख्या गोलसर, भरीव वसाहती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. एका लाथेने तुटलेला वीतभर तुकडा पुन्हा उभा राहायला माणसाचा अर्धा जन्म जाऊ शकतो.

जगाच्या सागरतळापैकी एक टक्क्याहूनही कमी जागा प्रवाळांनी व्यापली आहे. तरी समुद्रातल्या सुमारे एक चतुर्थांश जातींचा आयुष्यात कधी ना कधी प्रवाळांशी संबंध येतो. माशांची पिल्ले तिथे लपतात, खातात, वाढतात. आपल्या ताटात पडणाऱ्या माशांपैकी काहींचे बालपण अशाच खडकांच्या आडोशाला गेलेले असते.

अभयारण्य आले, विश्वास आला नाही

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. राज्यातले हे पहिले सागरी अभयारण्य. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभाक्षेत्र.

नकाशावर रेघ ओढली गेली, पण ज्या गाबीत आणि इतर मच्छीमार कुटुंबांचे पोट त्या पाण्यावर चालते, त्यांना ती रेघ आपल्या जाळ्याच्या आड येणार असे वाटले. अभयारण्य म्हणजे मासेमारीबंदी, या भीतीपोटी स्थानिकांचा विरोध वर्षानुवर्षे टिकला. ही भीती निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही. किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठे जाळे, ओढणारा आणि छोट्या होडीतून जाळे टाकणारा माणूस आधीच मोठ्या यांत्रिक नौकांशी आणि पर्ससीन जाळ्यांशी झगडत होता. त्यात आणखी एक बंधन त्याच्याच माथी येणार असेल, तर त्याने त्याचे स्वागत कशासाठी करावे?

पुढे २००१ मध्ये सांगाडा घडवणाऱ्या सर्व प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. वाघाला असलेले संरक्षण प्रवाळालाही लागू झाले. पण जंगलातल्या वाघावर पहारा ठेवता येतो. पाण्याखाली रोज काय घडते, हे तिथे रोज जाणाऱ्या माणसालाच ठाऊक असते. त्याला बाजूला ठेवून केलेले रक्षण कागदावरच राहते, हा मालवणचा पहिला धडा.

माणसांशी बोलून

२०११ नंतर वाट बदलली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, जागतिक पर्यावरण सुविधा, केंद्र आणि राज्य शासन यांनी मिळून सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक प्रकल्प हाती घेतला. त्याचा गाभा असा की, समुद्रातली जैवविविधता टिकवायची तर मासेमारी आणि पर्यटन यांच्या रोजच्या व्यवहारातच ती बसवली पाहिजे. खेकडेपालन आणि कालवे-शिंपल्यांची शेती यांचे प्रयोग झाले. वेंगुर्ल्यात स्वामिनी महिला बचत गटाच्या बायकांनी मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून खारफुटीची सफर घडवायला सुरुवात केली. ट्रॉलर जाळ्याच्या टोकाला ४० मिलिमीटर चौकोनी आसाची, म्हणजे छिद्रांची, पिशवी लावण्याचा आग्रह धरला गेला. नेहमीच्या जाळ्याचा शंकरपाळी आकाराचा आस ओढताना मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो आणि लहान मासे निसटून जातात. आज निसटलेले पिल्लू उद्या वजनाला भरते, हे मच्छीमाराला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

२०१८ मध्ये राज्याने आणखी एक चांगली गोष्ट केली. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव अडकला आणि तो सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. जाळे कापणे म्हणजे मच्छीमाराने स्वतःचे भांडवल कापणे. ते नुकसान समाजाने वाटून घेतले, म्हणून ही योजना चालली.

लावण कशी होते

याच काळात मालवणच्या पाण्यात प्रवाळांचे पुनरुज्जीवन सुरू झाले. तमिळनाडूतल्या तुतिकोरिनची सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्था मन्नारच्या आखातात २००२ पासून हे काम करत आली आहे. तिथे चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून काढले जात. त्या जखमा भरण्याचा तिचा अनुभव मालवणला कामी आला.

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला ही पद्धत लगेच कळेल. निरोगी उसाची कांडी तोडून सरीत लावतात आणि डोळ्याला फुटवा येतो, प्रवाळाचेही तसेच. निरोगी वसाहतीचा छोटा तुकडा काढायचा, तोही मूळ वसाहतीला धक्का लागणार नाही इतकाच, किंवा लाटेने तुटून तळाशी पडलेले जिवंत तुकडे गोळा करायचे. सिमेंटच्या छोट्या फरशीवर ते बांधायचे. फरश्या सिमेंटच्या चौकटींवर बसवून तळाशी ठेवायच्या, म्हणजे वाळू आणि गाळ यांपासून तुकडा वर राहतो. काही महिन्यांत तो फरशीला चिकटतो आणि पसरू लागतो.

खरे कष्ट त्यानंतरचे. तुकड्यांवर शेवाळ चढते, ते अलगद काढावे लागते. गाळ बसतो, तो हटवावा लागतो. कोणता जगला, कोणता मेला, किती वाढला, याची नोंद ठेवावी लागते. हे काम सतत करू शकतो तो त्या पाण्याची सवय असलेला स्थानिक पाणबुड्या. पावसाळ्यात समुद्र खवळतो, पाणी गढूळ होते, कित्येक आठवडे खाली उतरता येत नाही. उघडीप मिळताच पहिल्यांदा कोण उतरणार, तर तारकर्ली-मालवणचाच तरुण. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था उभी राहिली, तिचे महत्त्व इथे कळते. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. एकाच वसाहतीचे तुकडे सगळीकडे लावले, तर ते सारे एकाच रक्ताचे होतात. एकाच जातीच्या उसावर रोग पडला की सगळे शिवार बसते, तोच धोका पाण्याखालीही आहे. म्हणून वेगवेगळ्या वसाहतींतून, वेगवेगळ्या जातींचे तुकडे घ्यावे लागतात. शिवाय कायद्याने संरक्षित जीवाला हात लावायचा, तर वनखात्याची परवानगी लागते. हौसेने कुणीही करावे असे हे काम नाही.

राज्याचा कांदळवन कक्ष आणि २०१५ मध्ये स्थापन झालेले कांदळवन प्रतिष्ठान आज किनाऱ्यावरच्या अशा कामांचा भार वाहतात. २०१९ पासून हरित हवामान निधीच्या मदतीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या राज्यांत किनारी समाजांसाठी जो प्रकल्प सुरू झाला, त्यात सिंधुदुर्ग आहे आणि खारफुटीबरोबर प्रवाळांचे पुनरुज्जीवनही आहे.

लावणीने काय होते, काय होत नाही

समुद्राचे तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा अंशभराने वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आतले शैवाल बाहेर टाकतो. रंग जातो, खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी लवकर निवले तर प्रवाळ सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. २०१४ ते २०१७ या काळात जगभर असे विरंजन झाले आणि मालवणच्या वसाहतींवरही त्याच्या खुणा शास्त्रज्ञांनी नोंदवल्या. एप्रिल २०२४ मध्ये तज्ज्ञांनी चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर केले. उष्णतेपुढे सिमेंटची चौकट काही करू शकत नाही.

मग लावण कशाला? कारण ज्या प्रवाळाला गाळ, नांगर, जाळी आणि पाय यांचा त्रास नाही, त्याला उष्णतेच्या फटक्यातून उठायला ताकद उरते. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळ स्फोटके वापरून केलेल्या मासेमारीने उद्ध्वस्त झालेल्या तळावर लोखंडी षट्कोनी सांगाडे बसवून, बेटांवरच्या लोकांच्या मदतीने प्रवाळ लावले गेले. चार वर्षांत तिथली सांगाडा घडण्याची गती निरोगी प्रवाळांइतकी झाली, असा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्फोट थांबले होते, म्हणूनच हे साधले. फिलिपीन्समधल्या आपो बेटावर तर लावण न करताच फरक पडला. १९८२ मध्ये सिलिमन विद्यापीठाच्या आंजेल अल्काला यांच्या पुढाकाराने गावाने थोडा भाग मासेमारीसाठी बंद ठेवला आणि राखण स्वतः केली. मासे वाढले आणि आजूबाजूच्या पाण्यात कोळ्यांना मिळूही लागले.

दोन्हीकडे निर्णायक ठरली ती तिथे राहणाऱ्यांची सहमती. लावण हा तिचा एक भाग आहे, पर्याय नाही.

घाटावरचा भागीदार

सिंधुदुर्ग किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, खुल्या समुद्रात आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेले हे प्रवाळक्षेत्र अंतरामुळे गर्दीपासून वाचले आहे. मालवणच्या खडकांना तो आडोसा नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मालवणच्या मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातून प्रवाळांचे थेट नुकसान होत असल्याचे दाखवले. पहिल्यांदाच पाण्याखाली गेलेला माणूस घाबरतो, हाताला येईल ते धरतो, पाय टेकवतो. त्याने टेकवलेला पाय बहुधा एखाद्या वसाहतीवरच असतो.

हा माणूस बऱ्याचदा आपल्याकडचा असतो. म्हणून काही गोष्टी आपल्या हातात आहेत. होडी नांगर खडकावर टाकते की कायमच्या बोयाला बांधते, हे उतरण्याआधी विचारावे. एका मार्गदर्शकाबरोबर किती जण जाणार, हे विचारावे. काहीही धरू नये, कशावरही उभे राहू नये. माशांना ब्रेड-बिस्किटे टाकू नयेत. त्याने माशांच्या सवयी बिघडतात. काळजी घेणारा होडीवाला थोडे जास्त पैसे सांगत असेल, तर ते द्यावेत. स्वस्तातली घाई जिथे थांबते तिथेच प्रवाळाला उसंत मिळते, आणि जपणाऱ्या होडीवाल्याचे पोटही चालते.

दुसरे नाते पाण्याचे. पंचगंगा पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. पण गगनबावडा, राधानगरी, भुदरगडच्या पश्चिम कड्यावर कोसळणारा पाऊस वाघोटण, गड, कर्ली अशा नद्यांतून अरबी समुद्रात उतरतो. डोंगर बोडका झाला की त्या पाण्याबरोबर माती जाते. तिचा काही वाटा प्रवाळांवर बसतो आणि त्यांचा उजेड अडवतो. सह्याद्रीचे जंगल राखणे हे म्हणूनच समुद्राचेही काम आहे.

कोल्हापूरला सहकार म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. दुधाचे संकलन असो वा उपसा सिंचनाची पाळी, सामाईक गोष्टीत ज्याचा वाटा आणि ज्याचा शब्द असतो, तोच ती जपतो, हे या जिल्ह्याने अनुभवाने शिकले आहे. मालवणचा मच्छीमार तो वाटा मागतो आहे. त्याच्या समुद्राचे पाहुणे म्हणून उतरताना त्याच्या नियमांना मान देणे आणि त्याच्या श्रमाचे मोल देणे, एवढे या दिवाळीच्या सुट्टीपासूनच सुरू करता येईल.