मॅटाडोरची जागा बॅटरी घेईल का?

बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात लहानाचा मोठा झालेल्या मराठी माणसाला कॅम्पर व्हॅनचं अप्रूप सांगावं लागत नाही. त्याच्या घरी ती मॅटाडोरच्या रूपानं येऊन गेलेली असते. मागच्या बाकांवर गाद्या, सीटखाली स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन, टपावर ताडपत्रीत बांधलेल्या वळकट्या, आणि गाडी निघाली अष्टविनायकाला किंवा सोमनाथला. वाटेत झाड दिसलं की पिठलं-भात व्हायचा. जर्मनीत लोक ज्यासाठी रीतसर फर्निचर बसवत, ते आपण सतरंजीवर भागवत होतो.

मॅटाडोर आणि जर्मन कॅम्पर या दोन्ही गाड्यांचं नातं तसं जवळचंच. हँबुर्गच्या 'टेम्पो' कंपनीनं १९४९ मध्ये पहिली मॅटाडोर काढली, तेव्हा तिला इंजिन होतं फोक्सवॅगनचं. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगननं स्वतःची डबा-गाडी बाजारात आणली आणि काही काळानं मॅटाडोरला इंजिन देणं थांबवलं. वेस्टफालिया या कंपनीनं फोक्सवॅगनच्या त्या गाडीत पलंग आणि कपाटं बसवायला सुरुवात केली आणि जगभर गाजलेली कॅम्पर जन्माला आली. इकडे पुण्याजवळ आकुर्डीत बजाज टेम्पोनं मॅटाडोर घडवली आणि १९८७ मध्ये मर्सिडीजच्या आराखड्यावरची ट्रॅव्हलर आणली. आज भारतात रस्त्यावर दिसणाऱ्या पुष्कळ मोठ्या कॅराव्हॅन या ट्रॅव्हलरच्याच सांगाड्यावर उभ्या असतात. फोक्सवॅगनची जुनी व्हॅन मात्र ब्राझीलमध्ये २०१३ च्या डिसेंबरपर्यंत तग धरून होती. एअरबॅग आणि एबीएसची सक्ती आली आणि तिचा मुक्काम हलला.

आता प्रश्न विजेचा. बडोद्यात तो अगदी दारात येऊन उभा आहे. शहरापासून तासाभराच्या अंतरावर हालोलला जनरल मोटर्सचा कारखाना होता. ओपेल अॅस्ट्रा तिथंच बनायची. २०१७ मध्ये तो बंद पडला, एमजीनं घेतला, आणि आता तिथून बॅटरीवरच्या गाड्या बाहेर पडतात. त्यातली २०२४ मध्ये आलेली विंडसर पाहिली की मॅटाडोरवाल्यांच्या पिढीचे डोळे चमकतात, कारण मागची सीट १३५ अंशांत मागं कलते आणि आत ऐसपैस जागा आहे. किंमत दोन तऱ्हांनी देता येते. बॅटरीसकट घ्या, किंवा सुरुवातीच्या योजनेप्रमाणे ९.९९ लाखांत गाडी घेऊन बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये भरत राहा. पण ती शेवटी मोटारच. दोन माणसं अवघडून झोपतील, चार जणांचं कुटुंब नाही.

खऱ्या व्हॅनच्या आकाराची विजेची गाडी हवी असेल तर पर्याय झपाट्यानं विरळ होतात. महिंद्राची ई-सुप्रो २०१६ मध्ये येऊन गेली. टाटाची एस ईव्ही आहे, पण ती मालवाहू: २१.३ युनिटांची बॅटरी आणि कागदावर १५४ किलोमीटर. एमजीची एम-९ ही ९० युनिटांच्या बॅटरीची, ५४८ किलोमीटरचा दावा करणारी मोठी गाडी २०२५ मध्ये आली. तिची किंमत सत्तर लाखांच्या घरात. त्या पैशात आयुष्यभर डाकबंगल्यात राहता येईल.

कॅम्परचा हिशोब दोन भागांत मांडावा लागतो: धावण्याचा आणि मुक्कामाचा. लोक धावण्याचाच मांडतात, म्हणून आधी तोच उरकू.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. साठ लिटरची टाकी म्हणजे सहाशे युनिट. त्यातलं दोन तृतीयांशाहून अधिक उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जातं हे खरं, आणि विजेची मोटर त्या मानानं फारच काटकसरी. तरीसुद्धा पन्नास युनिटांची बॅटरी त्या टाकीची बरोबरी करत नाही. त्यात व्हॅनचा चेहरा सपाट आणि उंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १०० नं हाकली तर तो दीडपटीहून जास्त होतो. गाद्या, पाणी आणि माणसांसकट अशी गाडी शंभर किलोमीटरला बावीस ते पंचवीस युनिट पिणार. पन्नास युनिटांत सुरक्षित पल्ला दीडशे ते पावणेदोनशे. मोठी बॅटरी टाकावी तर वजन वाढतं. ऐंशी युनिटांचा संच सहज पाचशे किलोंचा होतो, म्हणजे सात-आठ माणसं कायमची फरशीखाली बसवल्यासारखं.

खर्चाचं पारडं मात्र विजेकडे झुकतं. डिझेल नव्वद रुपये आणि लिटरला दहा किलोमीटर धरले तर किलोमीटरला नऊ रुपये. घरच्या मीटरवर युनिटला आठ रुपये धरले तर विजेच्या व्हॅनला दोन रुपये. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर दर घरच्याच्या दुप्पट-तिप्पट असतो, तरीही पाच-सहा रुपयांत काम होतं.

आता मुक्काम. इथं डिझेलची कॅम्पर साफ हरते, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४३ अंशांवर जातो, रात्रीही पत्र्याचा डबा तापलेला असतो. एसीशिवाय झोप अशक्य. डिझेलच्या गाडीत एसी चालवायचा तर इंजिन सुरू ठेवा (तासाला लिटरभर डिझेल, शेजाऱ्यांच्या शिव्या वेगळ्या) किंवा जनरेटर लावा. जनरेटरचा धोका किती खरा आहे हे केरळातल्या वडकरा इथं डिसेंबर २०२४ मध्ये दिसलं. रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये झोपलेले दोघे जण जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडनं गेले. त्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतून उठतच नाही.

बॅटरीच्या गाडीत यातलं काहीच नाही. छोट्या एसीला रात्रभरात पाच-सहा युनिट लागतात, फ्रिजला दिवसाकाठी पाऊण, इंडक्शनवर दोन वेळचा स्वयंपाक दीड. सगळं मिळून आठ युनिट. म्हणजे एका रात्रीच्या गारव्याची, चहाची आणि आमटी-भाताची किंमत पस्तीसेक किलोमीटरचा पल्ला. आवाज नाही, धूर नाही. विंडसरच्या प्रो आवृत्तीसारख्या काही गाड्यांत बाहेर वीज देण्याची सोय आलीही आहे. एक काळजी घ्यायची: बहुतेक गाड्या बॅटरी ठराविक टक्क्यांखाली गेली की हा पुरवठा तोडतात. टपावर दोनशे वॅटच्या दोन सौर पट्ट्या बसवल्या तर चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट मिळतात. फ्रिज, पंखा, दिवे त्यावर निघतात. एसी नाही.

मग अडतं कुठं? ते समजायला बडोद्याजवळच्या डभोईची गोष्ट बघावी. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत डभोई ते मियागाम ही भारतातली पहिली अरुंद मापाची आगगाडी सुरू झाली, आणि ती ओढायला बैल होते. रूळ इतके हलके की नेहमीच्या वाहतुकीला इंजिनाचं वजन पेलेना. पुढं १८७३ मध्ये जड रूळ टाकले, तेव्हा कुठं इंजिनांना रस्ता मोकळा झाला. ओढणारं बदलायचं तर आधी खालचा मार्ग बदलावा लागतो, हे बडोदा संस्थानानं दीडशे वर्षांपूर्वी पैसे मोजून शिकून घेतलं होतं.

आजचे हलके रूळ म्हणजे मुक्कामाच्या जागी सॉकेट नसणं. हमरस्त्यांवर जलद चार्जर वाढताहेत, पण कॅम्परला त्यांची गरज दुय्यम. कॅम्पर रात्रभर एका जागी उभी असते. तिथं साधं १५ अॅम्पिअरचं सॉकेट असलं तरी दहा तासांत तीसेक युनिट, म्हणजे सव्वाशे किलोमीटर, झोपेत भरून निघतील. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा धोरणांतल्या प्रत्येक कॅराव्हॅन पार्कात गाडी उभी करण्याच्या जागेला सॉकेटची अट हवी, नुसती शौचालयं आणि सुरक्षारक्षक पुरे नाहीत. एकतानगर, म्हणजे पूर्वीचं केवडिया, हा परिसर फक्त विजेच्या वाहनांचा करण्याची घोषणा पंतप्रधानांनी ५ जून २०२१ ला केली. बडोद्यापासून ते नव्वद किलोमीटरवर आहे. बॅटरीच्या कॅम्परची पहिली यशस्वी सहल इथंच व्हावी इतकं ते ठिकाण त्यासाठी सोयीचं आहे.

चांपानेर-पावागड, जांबुघोडा, एकतानगर, हा बडोद्याच्या आसपासचा पट्टा विजेच्या गाडीला आजही झेपतो. सापुतारा तीनशेच्या आसपास, वाटेत एकदा चार्जिंग, वर घाट. अडीच टनांची गाडी नऊशे मीटर चढवायला पल्ल्याव्यतिरिक्त सात युनिट लागतात, पण उतरताना त्यातली निम्म्याहून जास्त परत मिळतात, आणि ब्रेक तापत नाहीत. डिझेल उतारावर एक थेंबही परत देत नाही. कच्छचं रण पाचशेच्या आसपास. तिथं मात्र मी आजही डिझेलची ट्रॅव्हलर भाड्यानं घेईन.

जुनी व्हॅन जवळ असेल तर तिचंच इंजिन काढून मोटर बसवावी, असाही एक मोह असतो. जर्मनीत फोक्सवॅगननं ई-क्लासिक्स कंपनीबरोबर २०२० मध्ये तसं करून दाखवलं: ४५ युनिटांची बॅटरी, ४४ ऐवजी ८३ अश्वशक्ती, दोनशे किलोमीटरवर पल्ला, आणि किंमत ६४,९०० युरोपासून पुढं. आपल्याकडे अशा बदलाला मंजूर संचच लागतो आणि आरटीओची नोंद लागते. कोपऱ्यावरच्या गॅरेजात बॅटऱ्या जोडून घेणं बेकायदा तर आहेच, आगीला आमंत्रणही आहे. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर तिचं इंजिन, सांगाडा, चॅसी मूळची हवी. मोटर बसवली की तो मान गेला. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला होता. तिथं ज्या गाड्यांना मान होता तो त्यांच्या मूळपणाला. अशी गाडी असेल तर ती जपा आणि प्रवासाला दुसरी वापरा.

माझं मत असं: शनिवार-रविवारच्या, दीडशे किलोमीटरच्या आतल्या भटकंतीला विजेची गाडी जुन्या कॅम्परपेक्षा सरस आहे. आठवडाभराच्या लांब दौऱ्याला अजून नाही, आणि ती उणीव मोटारीपेक्षा मुक्कामाच्या जागांची जास्त आहे. यंदा दिवाळी ते लाभपाचम अख्खा गुजरात रस्त्यावर असेल आणि हमरस्त्यावरच्या चार्जरपुढं रांगा लागतील. विजेच्या गाडीनं निघणार असाल तर जिथं उतरणार आहात तिथं आधी फोन करा. खोली मिळेल का हे नंतर विचारा, आधी विचारा की पार्किंगमध्ये अर्थिंग असलेलं १५ अॅम्पिअरचं सॉकेट आहे का.