नदीकाठचे परतीचे पक्षी

वसंत आला म्हणजे पक्षी येतात, असे पाश्चात्त्य पुस्तकांत वाचावयास मिळते. तेथे ते खरेच आहे. आपल्याकडे क्रम उलटा आहे. पाहुणे पक्षी पावसाळा सरताना येतात व फाल्गुन-चैत्रात परत फिरतात. पुण्यात बंडगार्डनला किंवा मुळा-मुठेच्या काठच्या झाडीत मार्च-एप्रिलमध्ये जे पाहुणे दिसतात, ते निघण्याच्या तयारीत असतात.

पाण्याकडेने शेपटी खालीवर हलवीत धावणारा करडा धोबी हिमालयातील ओढ्यांकाठी घरटे करतो. झुडपात लपून ‘चक् चक्’ करणारा वेळू-वटवट्या जेमतेम बारा ग्रॅम वजनाचा. पण त्याच्या विणीचा प्रदेश फिनलंडपासून सायबेरियापर्यंत पसरलेला आहे.

भोरडीची हकीकत तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अंग गुलाबी, डोके व पंख काळे. ज्वारीवर तिचे थवे उतरतात, म्हणून शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवितो. हीच भोरडी पळस-पांगाऱ्याच्या फुलांतील मध पिताना परागकण वाहून नेते, आणि मध्य आशियात पोहोचल्यावर पिलांना टोळ चारते. चीनमधील शिंच्यांग येथे टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून तिच्या घरट्यांसाठी दगडांच्या राशी रचल्या जातात. इकडे जिला चोर म्हणतात, ती तिकडे राखणदार ठरते.

निघण्याची वेळ त्यांना कशी कळते? दिवस वाढू लागला की शरीरातील ग्रंथी कार्यास लागतात, भूक वाढते व चरबी साठते. हीच प्रवासाची शिदोरी. लहान पक्षी बहुधा रात्री उडतात. तारे व पृथ्वीचे चुंबकत्व यांवरून दिशा धरतात. दिवसा उतरून किडे टिपतात. हे किडे मिळतात बाभळीवर, पाणकणसात, काठच्या चिखलात. काठ सिमेंटने बांधला व झुडपे साफ केली, तर शिदोरीच नाहीशी होते.

पुण्यातील नदीकाठ सुधारण्याच्या योजनेचे भूमिपूजन २०२२ मध्ये झाले. काठ देखणा होताना ओसाड होऊ नये, हे पाहणे नागरिकांचे काम आहे. त्यासाठी हाती पुरावा हवा.

१९५९ मध्ये सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम सुरू केले. ते तज्ज्ञांचे काम. आपले त्याहून सोपे आहे. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत जावे, ऊन पाठीशी घ्यावे, स्वस्थ बसावे व वहीत तारीख आणि पक्षी लिहावा.

पक्षी आल्याची तारीख एका सकाळीही सापडते. गेल्याची तारीख तशी सापडत नाही. धोबी काल शेवटचा दिसला, हे कळण्यास त्यानंतर आठ दिवस रिकाम्या काठावर जाऊन बसावे लागते. कारखान्यातील हजेरीपटाप्रमाणे गैरहजेरीही रोज लिहावी लागते. अशा पाच-दहा वर्षांच्या वह्या शहरातील शंभर माणसांकडे असतील, तर नदीकाठाचे काय झाले, हे कोणाला विचारीत बसावे लागणार नाही.