कुमारांचे अद्भुत आणि भय – लेखांक ६ : जादूची किंमत कोण चुकती करतो?

गेल्या आठवड्यात आपण अद्भुत कादंबरीतील सृष्टिरचनेचा, म्हणजे तिच्यातील नकाशे, वंशावळी आणि दंतकथा यांचा विचार केला. परंतु ही सृष्टी कितीही विस्तीर्ण उभारली, तरी तिच्यात घडणाऱ्या चमत्काराला काही कायदा आहे की नाही, आणि तो मोडणाऱ्यास त्याची भरपाई करावी लागते की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो. आणि कुमारवयीनांसाठी लिहिलेल्या अद्भुत व भयकादंबऱ्यांचा कस माझ्या मते येथेच सर्वाधिक लागतो.

अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ साली बर्कली येथील एका लहान प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या या कन्येने जादूकडे पाहिले ते एखाद्या समाजाच्या रीतिभातींकडे पाहावे तसे. तिचा नायक गेड हा गाँट बेटावरील एका कांस्यकाराचा ताम्रवर्णी मुलगा. रोक बेटावरील विद्यालयात तो दाखल होतो. तेथे एक गुरुजी साध्या खड्याचा हिरा करून दाखवतात, आणि गेड जेव्हा हा हिरा कायमचा कसा राखावा असे विचारतो, तेव्हा ते त्यास समजावतात की हा केवळ दृष्टिभ्रम आहे. खड्याचे खरोखरच रत्न करावयाचे तर त्याचे खरे नाव पालटावे लागेल, आणि एवढ्याशा खड्याचे नाव पालटणे म्हणजेही जगाचा तोल ढळविणे होय. या शांत, काहीशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या पाठात पुढील सगळ्या अनर्थाचा कायदा आधीच लिहून ठेवलेला आहे. जास्पर नावाच्या सहाध्याय्याशी लागलेल्या ईर्ष्येपायी गेड सहस्र वर्षांपूर्वी मेलेल्या स्त्रीचा आत्मा आवाहन करून आणतो, तेव्हा त्या फटीतून एक निराकार छाया बाहेर पडून त्याचा चेहरा ओरबाडते, आणि ती फट बुजविण्यात वृद्ध महागुरू आपले उरलेसुरले सामर्थ्य खर्ची घालून प्राण सोडतो. एका पोरसवदा गर्वाची रक्कम अशी दुसऱ्याच्या आयुष्यातून वसूल होते, आणि चेहऱ्यावरचा व्रण गेडला ती जन्मभर विसरू देत नाही.

ज्या पुस्तकांत शेवटच्या प्रकरणात अवचित एखादी मंतरलेली तलवार सापडते व सर्व अरिष्ट टळते, त्यांना मी म्हणूनच मुलाहिजा न ठेवता खालच्या पायरीवर बसवतो. वाचक तेरा-चौदा वर्षांचा असला तरी आपल्याला फसविले गेल्याचे त्याला बरोबर कळते.

भयकथेत हाच हिशेब अधिक कठीण होतो. शिव्हॉन डाउड या लेखिकेचे २००७ साली कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेल्या कल्पनेवरून पॅट्रिक नेस यांनी ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ लिहिले, जिम के यांनी त्यास काळोखी चित्रे दिली, आणि ब्रिटनमधील ग्रंथपाल ज्यांचा निकाल देतात ती लेखनाची कार्नेगी व चित्रणाची केट ग्रीनअवे ही दोन्ही पदके २०१२ साली या एकाच पुस्तकास मिळाली. नायक कॉनर याची आई दुर्धर आजारी आहे, आणि रात्री बारा वाजून सात मिनिटांनी यू वृक्षाचा राक्षस त्याच्याकडे येतो. राक्षसाच्या दुसऱ्या गोष्टीत कॉनर त्याच्यासह एका धर्मोपदेशकाचे घर उद्ध्वस्त करतो. गोष्ट संपते, आणि तो पाहतो तो आजीने जिवापाड जपलेली बैठकीची खोली त्याच्याच हातांनी मोडून पडलेली. आजी येते, आणि शिक्षा करण्याऐवजी तीही किंचाळत उभे उरलेले एकमेव कपाट ओढून पाडते. पुढेही कोणी त्यास दंड करीत नाही. कॉनर मनोमन शिक्षेची वाट पाहत आहे, कारण आपण तिला पात्र आहोत अशी एक गुप्त जबानी त्याने स्वतःविरुद्ध देऊन ठेवली आहे. आणि ती कोणीच मागत नाही, हे त्या राक्षसाच्या आक्राळविक्राळ रूपाहून कितीतरी भयंकर आहे. गेडकडून किंमत वसूल होते, कॉनरकडून ती कोणी घेतच नाही. दोहोंतही भयाचा उगम नायकाच्या स्वतःच्या कृतीत वा इच्छेत आहे, म्हणून दोन्ही कादंबऱ्या दुसऱ्या वाचनातही तितक्याच जोराने पकड घेतात.

आपल्याकडे नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांची पुस्तके वाचनालयातून आणून शाळकरी मुलांनी पालकांच्या नजरेआड वाचली, ती बहुतेक मोठ्यांसाठी लिहिलेली असूनही. तेव्हा पुस्तक मुलाच्या हाती द्यावे की नाही याची तजवीज करताना, त्यात किती प्रेते पडतात हे मोजण्यापेक्षा भयप्रसंगानंतरचे प्रकरण काढून वाचावे. घडून गेलेल्या गोष्टीचे ओझे पात्रे तेथे वाहत आहेत, की सकाळ होताच सारे विसरून न्याहारीला बसली आहेत, हे दहा पानांत समजते.

पुढील लेखांकात ले ग्विन यांच्याच १९७१ सालच्या ‘द टूम्स ऑफ अतुआन’कडे वळू. तेथील नायिका स्वतः भयाची पुजारीण आहे, आणि जिथे दिवा नेण्यास सक्त मनाई आहे अशा भुयारांवर तिचा अंमल चालतो.