केबिनमधला उकाडा

हापूसच्या हंगामात पेट्या भरून रत्नागिरीहून वाशीच्या बाजाराकडे निघालेल्या ट्रकचालकाचं मागणं साधं असतं: केबिन जरा गार हवी. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांत इंजिन केबिनच्या खालीच असतं. त्याची धग पायांशी येते, वरून टप तापतो, समोरच्या काचेतून ऊन.

शरीर गार राहतं ते घाम वाळल्यामुळे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. पण कोकणच्या दमट हवेत तो वाळतो कुठे, नुसता निथळतो! पंख्याचा उपयोग मग तोकडा पडतो. एसी हवा गार करतो आणि तिच्यातलं बाष्पही काढून टाकतो. किनाऱ्यावर हा दुसरा गुण अधिक मोलाचा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, भारासह साडेतीन टनांहून जड मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. बागेतून पेट्या उचलणारे छोटे पिकअप मात्र यातून सुटले, जुने ट्रकही. त्यांच्या मालकांनी निदान इंजिनाच्या झाकणाला उष्णतारोधक अस्तर आणि टपाला पांढरा रंग तरी द्यावा.