हिवाळी भाजीबाग : थंडीचा प्रश्न व प्रकाशाचा प्रश्न

समशीतोष्ण प्रदेशात हिवाळ्यात भाजीपाला वाढत नाही याचे कारण थंडी होय, असे सामान्यतः समजले जाते. हे कारण अपुरे आहे. पालक, केल, लीक, गाजर इत्यादी भाज्या पाणी गोठविणाऱ्या थंडीतही जिवंत राहतात. त्यांची वाढ खुंटण्यात प्रकाशाच्या तुटवड्याचा वाटा मोठा असतो. हा भेद ध्यानी न घेता पेरणी केल्यास बाग मरत नाही, पण हाती काही येतही नाही.

तापमान शून्य अंशाखाली उतरले म्हणजे बर्फ प्रथम पेशींच्या आत न होता पेशींमधील पोकळ्यांत होतो. तो पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो. उरलेला पेशीरस दाट होत जातो आणि त्याचा गोठणबिंदू खाली सरकतो. तेव्हा वनस्पतीला मुख्य धोका असतो तो निर्जलनाचा व त्यामुळे पेशीपटलास होणाऱ्या इजेचा. शून्याच्या किंचित वरच्या तापमानात काही दिवस काढलेली वनस्पती या संकटाची पूर्वतयारी करते. तिच्यात शर्करा व प्रोलीन साठते आणि पटलांतील असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढते. (थंडीत केलचा पाला गोड लागतो तो या शर्करेमुळेच.) अशी तयारी होण्यापूर्वीच कडाक्याची थंडी पडली, तर जानेवारीत सहज तगणारे तेच रोप ऑक्टोबरात जळून जाते. १९९७ साली थॉमशो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील वनस्पतीत ही तयारी सुरू करणाऱ्या सीबीएफ-१ या प्रथिनाचा जनुक वेगळा केला.

प्रकाशाचे गणित निराळे आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यात, सुमारे ४४ उत्तर अक्षांशावर, एलियट कोलमन यांनी कृत्रिम उष्णतेवाचून हिवाळी भाजी घेतली व ‘फोर-सीझन हार्वेस्ट’ (१९९२) या ग्रंथात तिची पद्धती मांडली. प्लास्टिकचे एक आच्छादन बागेला सुमारे ५०० मैल दक्षिणेस नेऊन ठेवते, असा त्यांचा अंदाज आहे. परंतु आच्छादनाने थंडी सौम्य होते, दिवस मोठा होत नाही. उलट थोडा प्रकाश अडतोच. दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यों शहर जवळजवळ याच अक्षांशावर असल्याने, हवामान पुष्कळ सौम्य असूनही, तेथील दिवसाची लांबी मेनइतकीच भरते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिवस दहा तासांहून लहान असतो. या काळात बाग वाढत नाही, केवळ टिकते. म्हणून तिला जिवंत कोठार समजावे. गाजर ऑगस्टच्या आरंभी आणि पालक सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरला, तरच कोठार भरते. सप्टेंबरात चार-सहा दिवसांचा उशीर झाला, तर पीक काढणीस येण्यास पुढे काही आठवड्यांचा विलंब होतो.

तथापि दहा तास ही व्यवहारातील खूण आहे, शरीरक्रियेतील सीमारेषा नव्हे. प्रकाशाची तीव्रता, ढगाळपणा व मातीचे तापमान यांनी ती मागेपुढे होते. पुण्यात सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो. त्यामुळे तेथे हिवाळा हा पालकाच्या वाढीचाच काळ ठरतो आणि मेनमधील पेरणीच्या तारखा तेथे जशाच्या तशा लागू करण्यात अर्थ नाही.